इंगोले वकिलांचे गुडघे

आमचे शेजारी इंगोले वकील स्वतःच्या गुडघ्यांशी भांडतात. मनातल्या मनात नव्हे; मोठ्याने, वलगाव रोडवर, धावता धावता.

"काय म्हनतं? दुखून राहिलं? पुरावा दे!" असं ते उजव्या गुडघ्याला दरडावतात. गुडघा एक सणसणीत कळ देऊन पुरावा सादर करतो. त्यावर लगेच निकाल लागतो, "मुदतीचा अर्ज नामंजूर!" आणि धावणं पुढे चालू. सुरुवातीला दूधवाले गाडी हळू करून बघत. आता तेच लांबून विचारतात, "साहेब, आज काय निकाल?"

यातली खरी गंमत अमरावतीच्या कोर्टात वावरलेल्यांना कळेल. वकीलसाहेबांची उभी हयात मुदतीच्या अर्जांवर गेली. साक्षीदार आजारी आहे, अशील परगावी आहे, कागद सापडत नाहीत, असलं काही सांगून पुढची तारीख मिळवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. अशा माणसाने साठीला टेकल्यावर अकोल्याच्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव घालावं आणि स्वतःच्या पायांना मात्र एकही तारीख द्यायची नाही असं ठरवावं! गल्लीला बोलायला चांगला विषय मिळाला.

त्यात देह म्हणाल तर आमच्याकडच्या दह्यात बुडवलेल्या गिलावड्यांनी घडवलेला. पहिला आठवडाभर ते कोर्टाची पांढरी पँट मोज्यांत खोचून धावले. शेवटी मुलीनेच पुण्याहून ट्रॅकपँट पाठवली आणि सोबत सरावाचं वेळापत्रकही. ते बघून साहेब म्हणाले, "पोरीनं बापाले सक्तमजुरी सुनावली."

या खटल्यात मी साक्षीदार. म्हणजे स्कूटीवर पाण्याची बाटली आणि गूळ-शेंगदाण्याचा डबा घेऊन त्यांच्या मागे मागे जायचं. मला धावण्याची बिलकूल हौस नाही. पण कुसुमकाकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं म्हणणं असं की, वकिलाच्या एकट्याच्या बोलण्यावर विश्वास कसा ठेवायचा? परत आल्यावर त्या मला विचारतात, "पुरं धावले का?" मी मान डोलावली की त्या वॉकर पुढे ओढतात आणि उठतात.

कारण सगळं अडलंय त्या उठण्यापाशी. मागच्या वर्षी काकूंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, नाहीतर पाय कायमचा जाईल म्हणाले. काकू चार पावलं टाकून खुर्चीत बसायच्या आणि म्हणायच्या, "उद्या पाहू." एकदा साहेब चिडले. "तू मनावरच नाही घेत!" काकू शांतपणे म्हणाल्या, "थकनं काय असते, तुमाले मालूम आहे काय? कोर्टाच्या पायऱ्या चढल्या का पंखा शोधता. एकडाव थका, मंग सांगा मले."

दुसऱ्या दिवशी साहेब धावण्याचे बूट घेऊन आले. करार ठरला: त्यांनी दिवसाचं धावणं पूर्ण केलं तर काकूंनी ओसरीपासून फाटकापर्यंत चालायचं. त्यांनी दांडी मारली तर काकूंनाही सुट्टी.

हळूहळू काकू फाटकापर्यंत पोचू लागल्या. फाटकाबाहेर मात्र पाऊल टाकायला तयार नव्हत्या. लोक बघतात म्हणायच्या.

शर्यत जवळ आली तसं वेळापत्रक निर्दय झालं. दर आठवड्याला अंतर वाढे. साहेब दुखऱ्या पायांमुळे जिना उलटे उतरू लागले आणि जेवता जेवता पेंगू लागले. शेवटच्या मोठ्या सरावाच्या दिवशी तर समोरून वारा, डोक्यावर ऊन. वलगावहून परतताना त्यांनी गुडघ्यांशी बोलणं बंद केलं, तेव्हाच मी स्कूटी त्यांच्या बरोबरीला आणली. थोडं पुढे जाऊन ते एका पुलाच्या कठड्यावर बसले.

"संपलं भाऊ," ते म्हणाले. "पाय आयकून नाही राहिले."

मी पाणी दिलं. ते प्यायले नाहीत. बाटली मांडीवर ठेवून म्हणाले, "मले अकोल्याचं मेडल नाही पाहिजे हो. पन मी बसलो का तुमची काकू बी बसते. एकडाव बसली तर उठनार नाही, याचा भेव वाटते मले." डोळे त्यांनी टॉवेलने पुसले आणि घाम, घाम म्हणत राहिले. मी स्कूटी त्यांच्यापुढे आणून उभी केली.

अखेर ते स्कूटीवर बसले. वाटेत माझ्या कानाशी म्हणाले, "साक्षीदार, फितूर नका होऊ. कोपऱ्यावर उतरवा, तेथून धावत जातो."

मी कोपऱ्यावर स्कूटी वळवली आणि कचकन ब्रेक दाबला. किराणा दुकानापाशी वॉकर धरून काकू उभ्या होत्या. एकट्या, घामाघूम. आम्हाला उशीर झाला म्हणून फाटक उघडून इथवर आल्या होत्या.

साहेब माझ्या पाठीला चिकटून तसेच बसून राहिले. लपायला जागा नव्हती.

"काहो, मुदत घेतली वाटते?" काकू म्हणाल्या.

इतक्या वर्षांच्या वकिलीत साहेबांनी पहिल्यांदाच सरळ कबुली दिली. "घेतली," एवढंच बोलले आणि मान खाली घातली. मी काकूंच्या पायांकडे बघत राहिलो. आता त्या इथेच बसतील, असं मला वाटलं.

"माहे पाय बी मांगत होते मुदत," काकू म्हणाल्या. "फाटकापाशीच. उतरा आता. चालत जाऊ."

दोघं निघाले. मी स्कूटी ढकलत मागे. काकू पुढे आणि साहेब मागे, कारण त्यांचे गुडघे वाकायलाच तयार नव्हते. अर्ध्या वाटेत ते विजेच्या खांबाला धरून उभे राहिले.

काकूंनी सावकाश वॉकर वळवला. साहेबांकडे नाही, त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अर्ज नामंजूर."

साहेबांनी खांब सोडला.