तांडेलाची रजा आणि शहराचा संयम

माणूस जे मागे टाकतो ते कोणीतरी पुढे नेत असतं, यावरच सगळी संस्कृती उभी आहे. आमच्या शहराने हे काम कालव्याकडे सोपवलंय. मैल्याचा गाळ पूर्वी ट्रकमधून जाई आणि खड्ड्याखड्ड्याला थोडा थोडा नागरिकांना परत मिळे. आता तो बार्जमधून, जलमार्गाने, इतमामाने जातो. (काठावरची घरं खिडक्या लावून त्याला मानवंदना देतात.)

विभागाचा नियम साधा आहे: टाकी भरली की भोंगा वाजतो, भोंगा वाजला की बार्ज सुटतो. बार्ज चालवणाऱ्या तांडेलाने मुलीच्या लग्नासाठी एक दिवस रजा मागितली. साहेबांनी ती उदार मनाने मंजूर केली. अट एवढीच, की त्या दिवशी टाकी भरता कामा नये. बदली माणूस होता, पण कामाचं नाव ऐकताच त्याची पाठ धरली.

मग शहराला आवाहन झालं, की लग्नाच्या दिवशी दुपारपर्यंत जरा दम धरा. शहर हेलावलं. सभा झाली, भाषणं झाली, शंभर टक्के नागरिकांनी हात वर करून पाठिंबा दिला. (उरलेले त्या वेळी आत होते.) एका डॉक्टरांनी संयमाचे फायदे सांगितले आणि तोट्यांसाठी दवाखान्यात यायला सांगितलं.

मुलीच्या जिवाला मात्र धाकधूक होती. "बाबा, नक्की याल ना?"

"अगं, सगळं शहर थांबलंय तुझ्यासाठी," तांडेल म्हणाला.

लग्नाच्या सकाळी घराघरांत एकच विचार झाला: एवढ्या मोठ्या शहरात माझ्या एकट्याने काय होणार आहे? बाकीचे थांबलेच आहेत की! वऱ्हाडी तर खास मोकळे होऊन आले, कारण हॉलवर सोय नव्हती. तांडेल नवा सदरा घालून हॉलच्या पायरीपर्यंत पोचला आणि भोंगा वाजला.

काठोकाठ भरलेला बार्ज हॉलमागच्या कालव्यातून गेला. मुलगी नटल्याथटल्या वेशात काठावर धावत आली. तांडेलाने बार्जवरूनच हात उंचावून आशीर्वाद दिला. वऱ्हाडात उभ्या असलेल्या मला फार वाईट वाटलं. वऱ्हाडाने नाकाला रुमाल लावले, आणि "लोकांना एक सकाळ धीर निघत नाही म्हणजे काय!" असं प्रत्येकजण शेजाऱ्याला म्हणाला.

वाचकहो, तुम्हीही आता मान हलवली असेल. जरूर हलवा. हे पान तुम्ही कुठे बसून वाचताय, ते आम्ही विचारत नाही. फक्त साखळी ओढण्यापूर्वी एवढं लक्षात असू द्या, की तांडेलाच्या धाकट्या मुलीचं लग्न आज आहे.