तबकडीचा पाचवा भाग

ज्ञानदेवाला कायम करायचं की नाही, हे यशवंतराव फोरमनांच्या हातात होतं, आणि यशवंतरावांची अब्रू 'तबकडी'च्या पाचव्या भागाच्या हातात होती. आता यात ज्ञानदेवाचं काय व्हायचं ते तुम्हीच बघा.

उडत्या तबकडीच्या त्या इंग्रजी सिनेमांचे आधीचे चारही भाग पिंपरीच्या कारखान्यातल्या सगळ्यांत एकट्या ज्ञानदेवानं पाहिले होते. सात वर्षांनी पाचवा आला, आणि नेमके तेव्हाच फोरमनसाहेबांचे सासरे, सोलापूरचे इंग्रजीचे मास्तर, मुक्कामाला येऊन थडकले.

"उद्या सकाळचा शो बघून या," यशवंतराव म्हणाले. "बरा असला तरच मास्तरांना नेतो. आणि गोष्ट नीट ध्यानात ठेवा. माझं इंग्रजी तपासायला ते मध्येच अर्थ विचारतात."

ज्ञानदेव रात्रीची तिसरी पाळी संपवून तसाच थेटरात गेला. पंख्याचा वारा लागला, मान टेकली. जाग आली तेव्हा सिनेमा संपून सगळे राष्ट्रगीताला उभे होते.

तो तडक दापोडीला दोस्ताच्या गॅरेजवर गेला.

"पार झोपलो रे अजीजभाई. साहेबांना काय सांगू?"

"आधीचे चार बघितलेत ना?" अजीज गाडीखालूनच म्हणाला. "त्यातलंच सांग. सात वर्षांनी काढलाय म्हणून काय नवं सुचलं असेल, राव."

ज्ञानदेवानं साहेबांना तसंच सांगितलं. तबकडी उतरते, सरकारला पटत नाही, शास्त्रज्ञाच्या मुलीला पळवतात, शेवटी तबकडी समुद्रात बुडते. यशवंतराव ते वहीत लिहून घेऊ लागले.

"आधीच्यांपेक्षा कसाय?"

"जुनंच आहे साहेब. पण झगझगीत."

रविवारी साहेब मास्तरांना घेऊन सिनेमाला गेले, आणि इकडे ज्ञानदेवाच्या घशाखाली घास उतरेना.

"कोण गेलं का काय?" त्याची बायको सोजरबाई म्हणाली.

"अजून न्हाई. सिनेमा सहाला सुटतो."

सोमवारी यशवंतरावांनी त्याला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं.

"मुलीला पळवतात म्हणालात. पळवली. तबकडी बुडते म्हणालात. बुडाली. मी सगळं मास्तरांच्या कानात आधीच सांगत होतो. म्हणाले, जावईबापू, तुमचं इंग्रजी माझ्यापेक्षा पक्कं."

ज्ञानदेव न विचारताच खुर्चीत बसला. "मग माझं कायम झाल्याचं पत्र, साहेब?"

"शुक्रवारी देतो. मास्तरांनी खुशीत मुक्काम वाढवलाय. परवा दुसरा इंग्रजी सिनेमा लागतोय, तेवढा बघून या."

"त्याचा कितवा भाग?"

"पहिलाच. आणि काळजी नको, तुम्हाला तिसरी पाळीच ठेवलीय. सकाळ मोकळी मिळेल."