हलक्या हल्ल्याचे विमान

वैमानिकांना शिकवण्याच्या जेट विमानात फेरबदल करून त्यापासून एक हलके हल्ला-विमान बनवावे, असा आदेश निघाला, तेव्हा कारखान्याच्या वजन विभागातली तरुण अभियंता खूश झाली. शिकवणाऱ्या विमानाला बॉम्ब उचलायला लावायचे तर ग्रॅमन्‌ग्रॅम मोजायला हवा, आणि मोजणे हेच तिचे काम. पण आदेश भाषा विभागातून फिरून आला तो ‘हलक्या हल्ल्याचे विमान’ होऊन.

“साहेब, विमान हलकं हवंय, हल्ला नाही,” ती प्रकल्पप्रमुखांना म्हणाली.

“शिक्का बसलाय, बाई. आता हल्लाच हलका करायचा.”

हलका म्हणजे किती, हे ठरवायला समिती बसली. सात बैठकांनंतर व्याख्या आली: ‘ज्याच्यावर झाला तो दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर हजर राहू शकेल, असा हल्ला.’ त्यानुसार बॉम्ब अडीचशे किलोंवरून अडीचशे ग्रॅमवर आला. विमानाने हलके असावे, असे मात्र आता कुठेच लिहिलेले नव्हते. मग काय, सगळ्यांनी हात धुऊन घेतले. मागचे शिक्षकाचे आसन काढायचे होते, पण शिक्षकाचे पद मंजूर होते. आसन राहिले म्हणून शिक्षक राहिले, शिक्षक राहिले म्हणून फळा आला. हल्ल्याच्या तीन प्रती ठेवायला लोखंडी कपाट बसले. साडेतीन टनांचे विमान नऊ टनांचे झाले. इंजिन तेच.

चाचणी-वैमानिक तिचा सख्खा भाऊ.

“दादा, हे उडणार नाही. तू आजारी पड.”

“आजारपणाच्या रजा संपल्यात गं. तू तो शब्द तेवढा बदलून घे.”

शब्द बदलायचा तर आदेशाच्या जाहीर सूचनेवर पंधरा दिवसांत एका तरी नागरिकाची हरकत यावी लागे. कर्मचारी आणि त्यांचे नातेवाईक नागरिकांत धरत नसत. तिने खेटे घालून सूचना वर्तमानपत्रात छापून आणली आणि रोज टपाल विभागात जाऊन बसू लागली. पंधराव्या दिवशी टपालवाले काका म्हणाले, “आलंय बघ पोरी एक पत्र. पण यांचा नळ गळतोय.”

चाचणीच्या दिवशी विमान धावपट्टी संपेपर्यंत धावले, संपल्यावरही धावले, कुंपण मोडून रस्त्यावर आले आणि सिग्नल लाल झाला म्हणून थांबले. दादा सुखरूप होता. शिक्षक त्याच्या चुका फळ्यावर लिहीत होते. धक्क्याने सुटलेला बॉम्ब एका स्कूटरवाल्याच्या हेल्मेटवर टपकन आपटला. तो दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर गेला, त्यामुळे चाचणी यशस्वी ठरली. आणखी चाळीस विमाने बांधायची आणि सगळी दादानेच तपासायची, असे ठरले.

“साहेब, एवढा साधा शब्द चुकलाय, हे एकालाही दिसू नये?”

साहेबांनी ते वर्तमानपत्र तिच्यापुढे सरकवले. “पान तर सगळ्यांनी उघडलं होतं, बाई.”

सूचना आठव्या पानावर, डावीकडे, ठळक अक्षरांत होती. उजवीकडे शब्दकोडे होते. ते, वाचकहो, तुम्ही शेवटच्या चौकटीपर्यंत सोडवलेत.