इंद्रभानची झावळी

ईस्टरआधीच्या उपवासकाळात मंडळीतलं कोणी चहा सोडतं, कोणी मटण. इंद्रभानने थेट राग सोडला! पहिल्याच बुधवारी चर्चमध्ये उभं राहून त्याने छाती काढून जाहीर केलं, "ईस्टरपावतर मी कोनावरच चिडनार नाही. म्हनजे नाही." पाळकांनी डोळे मिटून आमेन म्हटलं. बायको पुष्पाबाईनेही म्हटलं, पण जरा उशिरा.

दोन वर्षांपूर्वी भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून त्याने जावयासमोर ताट भिरकावलं होतं. लेक सुवार्ता तान्ह्या इराला घेऊन त्याच पावली निघाली. "बाबा, राग गेला की कळवा, मग येईन." तेव्हापासून नात त्याला फक्त मोबाइलमध्ये दिसायची. आता राग सोडल्याचं त्याने कळवलं होतं आणि ईस्टरच्या आदल्या रविवारी, झावळ्यांच्या मिरवणुकीला, सुवार्ता स्वतः पारख करायला येणार होती.

अडतीस दिवस बरे गेले. शनिवारी मात्र मंडळीचे पंच जानराव सगळ्यांसमोर म्हणाले, "इंद्रभान, मागच्या साली तुनं आनलेल्या झावळ्या झाडूवानी होत्या बे."

"बरं भाऊ," एवढंच बोलून इंद्रभान घरी आला. राग तोंडातून निघाला नाही, तो हातात उतरला. रविवारी फटफटायच्या आधी देऊळघाटच्या नाल्यावर जाऊन त्याने शिंदीची सगळ्यात मोठी झावळी, काही न पाहता, कोयत्याने खसकन तोडली. ओल्या पोत्यात गुंडाळून मोटरसायकलला बांधली.

नऊ वाजता चर्चच्या आवारात मिरवणूक उभी राहिली. पुढे इंद्रभान, मागे लेकरं, आणि दोन हातांवर सुवार्ता, कडेवर इरा. पोतं सोडून त्याने झावळी उंच धरली. गीत सुरू झालं. पहिलं कडवं संपेस्तोवर झावळीही गुणगुणू लागली.

"इंद्रभान," जानराव दबक्या आवाजात म्हणाले, "हलू नको. मोहोळ हाय."

उन्हाने जाग्या झालेल्या माशा त्याच्या मनगटावर, कानावर, मिशीवर उतरत होत्या. झावळी फेकावी तर मागे लेकरं. इरा टकामका पाहत होती. साधी माशी बसली तरी चप्पल फेकणारा हा माणूस! पण तो हलला नाही. प्रभू, आज सांभाळ, असं मनात म्हणत एकेक पाऊल टाकत तो आवारामागच्या निंबाकडे निघाला. गीत अर्ध्यावर थांबलं. पाळकांनी हात जोडले. पुष्पाबाईने तोंडाला पदर लावला. पंचवीस वर्षांत तिने हा नवरा पाहिलाच नव्हता. झोपलेलं लेकरू पाळण्यात ठेवावं तशी त्याने झावळी निंबाच्या बेचक्यात ठेवली आणि उभा राहिला. माशा एकेक करून उडाल्या. एकच डसली, खालच्या ओठाला.

सुवार्ता रडतच आली. "बाबा, तुम्ही खरंच बदललात."

तेवढ्यात जानराव पोचले. "तोडताना डोये कुठं होते तुये?"

झालं. अडतीस दिवसांचं साठलेलं सगळं एकदम वर आलं. इंद्रभानने तोंड उघडलं, पण ओठ वड्याएवढा सुजलेला. बाहेर आलं ते फक्त "फू... फू..."

"पाह्य आई," सुवार्ता भारावून म्हणाली, "बाबा फुंकर घालून राग घालवतात!" तिने इराला त्याच्या कडेवर दिलं. "आम्ही ईस्टरपर्यंत राहतो."

पुष्पाबाईला त्या फूचा अर्थ बरोबर कळला होता. तिने डोळे मिटून मनापासून आभार मानले.

मंगळवारी सूज उतरली. बुधवारी भाजीत मीठ जास्त पडलं. इंद्रभानने घास चावला, छातीभर श्वास घेतला.

पुष्पाबाई पोळी वाढत शांतपणे म्हणाली, "मोहोळ अजून त्या निंबावरच हाय. इचारलं मी जानरावभाऊले."

इंद्रभानने दुसरा घास घेतला.