आप्पांची मशीन शीळ घालते

“बघू नकोस, ऐक.”

आप्पांचे हे शब्द त्यांच्या लेकीच्या, थोरलीच्या, कानात लहानपणापासून बिऱ्हाड करून होते. शाळा सुटली की ती कारखान्याच्या दारात दप्तर टाकायची. सोफ्यांच्या उघड्या सांगाड्यांमध्ये, चामड्याच्या गुंडाळ्यांमध्ये बसलेले आप्पा मान न वळवता सांगायचे, “सुई बोथट झाली की मशीन खोकते. दोरा सैल पडला की कुरकुरते. तेल संपलं की तुझ्या आत्यासारखी सुस्कारे टाकते. बघू नकोस, ऐक.” आळीत म्हणत, आप्पा व्हायचे डॉक्टर, पण पेशंट लोखंडाचा मिळाला.

मशीनही तशीच होती, बसल्या म्हशीसारखी. काळी, रुंद पाठीची, दोन माणसांना न हलणारी. बोटभर जाडीचं चामडं तिच्यापुढे लोण्यासारखं जायचं. आणि एके दिवशी आप्पांनी तिच्यावर ताडपत्री टाकली. “बिघडली,” म्हणाले, “संपली ती.” काय बिघडलं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. मशीन गप्प झाली आणि हळूहळू आप्पाही. गळ्यातला मफलर कानांपर्यंत वर चढला, तो उन्हाळ्यातही उतरेना. म्हातारपणी थंडी वाजतेच, असं घरच्यांनी गृहीत धरलं.

थोरली आता शाळेची बस चालवते. पन्नास पोरांचा कालवा रोज पाठीवर वाहणारी बाई लोखंडाला काय भिणार? कारखान्याची जागा रिकामी करायची वेळ आली तेव्हा तिने सगळ्यांसमोर जाहीर केलं, मशीन मी चालू करते. सुट्टीत मुलं खेळतात, मी मशीन खोलेन. आप्पांनी बराच वेळ तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि अट घातली. न्हाव्याच्या खुर्चीची गादी शिवायला आली आहे. ती नीट शिवली गेली तर मशीन राहील, नाही तर त्याच संध्याकाळी भंगारवाला घेऊन जाईल.

मग काय, रॉकेल आलं, तारेचा ब्रश आला, कानाकोपऱ्यासाठी एक दात घासायचा ब्रशही आला. तो नवऱ्याचा होता, हे नवऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी चवीवरून कळलं. गंज उतरला, पट्टा नवा बसला, मोटर पुसून झाली. अडचण एकच. बिघाड काही सापडेना. एकेक भाग उचलून पाहावा तर तो धडधाकट, नव्या नवरीसारखा. थोरलीने ही गोष्ट पोटातच ठेवली. कुणी विचारलं तर गंभीरपणे सांगायची, दुखणं आतलं होतं, काढलं.

ठरल्या दुपारी न्हावी स्वतः हजर झाला. गादी हातोहात मिळणार या भरवशावर तो एका गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून, एका गालाची दाढी उरकून, दुसऱ्या गालाला फेस लावून आला होता.

थोरलीने पायडल दाबलं. घड्, घड्, घड्घड्घड्! खिडकीची तावदानं थरथरली. आप्पा कोपऱ्यात उभे होते. ते दचकले, मफलरला हात घातला, तोंड फिरवलं. बाप गहिवरला, असं थोरलीला वाटलं आणि तिचेही डोळे भरून आले. तशा डोळ्यांनी तिने तीन बाजू शिवल्या. गादी उलटी करून सुलटी केली, नवऱ्याने आत फोम कोंबला. एक कोपरा वाकडा बसला होता. तेवढ्यात आप्पा पुढे आले, त्यांनी गादीच्या उघड्या तोंडातून हात आत घातला आणि कोपरा दाबून दाबून सारखा केला. किती वर्षांनी त्यांचा हात कामाला लागला होता.

“आप्पा, आता बंद करू ना? आत आणखी काही करायचंय?”

आप्पांनी प्रसन्नपणे मान डोलावली. थोरलीने चौथी बाजू शिवून टाकली. टीप अशी सरळ, की ओळंबा लावून पाहावा.

मशीन बंद झाली. सगळे कौतुकाने पाहत होते. न्हाव्याने गादी बाकावर ठेवली, कशी झालीय ते पाहायला तिच्यावर बूड टेकलं, आणि मशीन शीळ घालू लागली.

कुईंऽऽऽ.

बारीक, लांब, अंगावर काटा आणणारी. आणि मोटर तर बंद!

या घरात असल्या वेळी काय करायचं हे ठरलेलं होतं. आप्पांना पुढे बोलावलं. आप्पा वाकले, लोखंडावर कान टेकवला, डोळे मिटले. शीळ चालूच होती, भिंतीवरची पाल पळाली. आप्पा सरळ झाले आणि म्हणाले, “छान चाललीय.”

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. आप्पा म्हणतात छान, म्हणजे यात काही खोल अर्थ असणार. नवऱ्याने तेलाची कुपी उचलली आणि मशीनच्या सगळ्या भोकांतून तेल ओतलं. ते बघायला न्हावी उठून आला. शीळ थांबली. नवऱ्याने विजयाने हात पुसले. न्हावी समाधानाने जाऊन बसला. कुईंऽऽऽ.

मग पट्टा उतरवला. न्हावी बघायला उठला, शीळ थांबली, न्हावी बसला, शीळ सुरू. मग मोटर सोडवली. मग खालचं, दोऱ्याचं शटल काढलं. प्रत्येक वेळी रोग सापडल्याचा आनंद व्हायचा आणि न्हाव्याचं बूड टेकेपर्यंत टिकायचा. उभ्या सुट्टीत जोडलेली मशीन बघता बघता जुन्या वर्तमानपत्रांवर पसरली. आप्पा मात्र वेगळ्याच कामात होते. मफलर झटकत होते, खिसे चाचपत होते, वाकून मेजाखाली पाहत होते. सुई पडली असेल, म्हणून कुणी विचारलं नाही.

तेवढ्यात दाराशी हातगाडी थांबली. भंगारवाल्याने आत डोकावून आवाज ऐकला आणि म्हणाला, पुष्कळ मशिनी नेल्या, पण शीळ घालणारी पहिलीच. आप्पांनी जमिनीवरच्या तुकड्यांकडे पाहिलं, मग लेकीच्या काळ्या झालेल्या हातांकडे. “राहू दे आता,” हलकेच म्हणाले, “नेऊ दे त्याला.”

भंगारवाला बाह्या सरसावून आत आला. थोरली मध्ये बसली, खाली, फरशीवरच. उघड्या, थंड, तेलकट लोखंडाला तिने कान लावला आणि डोळे मिटले. लोखंड गप्प होतं. निजलेल्या गाईसारखं गप्प. शीळ येत होती ती पाठीमागून, बाकाच्या बाजूने.

“काका, जरा उठा,” ती न्हाव्याला म्हणाली. न्हावी उठला. शांतता.

“बसा.” कुईंऽऽऽ.

“उठा. बसा. उठा.”

“अगं, वर्गात दंगा केला का मी?” न्हावी कळवळला.

थोरलीने ब्लेड घेतलं. आपल्याच हातची ती देखणी टीप उसवताना तिचा जीव तुटत होता, पण तिने उसवली, आत हात घातला आणि कोपऱ्यातून काहीतरी बाहेर काढलं. पावट्याच्या दाण्याएवढं, कातडीच्या रंगाचं, तिच्या मुठीत कुईकुई करणारं. नवऱ्याने ते घाईघाईने घेतलं आणि मशीनच्या कुठल्या भोकात बसतं ते तपासू लागला.

“अहो, ते लोखंडाचं नव्हे, माणसाचं आहे,” न्हावी म्हणाला. “कानातलं यंत्र. माझं एक गिऱ्हाईक घालतं, दाबलं की असंच कुईकुई करतं. केस कापताना फार जपावं लागतं.”

सगळ्यांनी एकमेकांचे कान पाहिले. मग सगळे एकाच मफलरकडे पाहू लागले.

आप्पांनी तो उतरवला. कान लहान मुलासारखे उघडे, लाल झालेले. थोरलीने ते यंत्र त्यांच्या तळव्यावर ठेवलं. त्यांनी ते कानात बसवलं, दोनदा ठोकून पाहिलं आणि भंगारवाल्याला हातानेच जा म्हणून सांगितलं. मग फरशीवर लेकीशेजारी येऊन बसले.

“तू पायडल दाबलंस आणि डोक्यात आगगाडी शिरली. म्हणून काढून मुठीत धरलं,” ते म्हणाले. “तेवढ्यात कोपरा वाकडा दिसला. हात गेला. मुठीत काय आहे ते कुठलं लक्षात राहतंय.”

“पण आप्पा, आम्हाला सांगायचं तरी.”

आप्पांनी एक स्क्रू उचलला, पुसला, पुन्हा ठेवला.

“मशीन बिघडलीच नव्हती गं,” ते म्हणाले. “त्या दिवशी सुई मोडली आणि मला आवाजच आला नाही. बघायची तर सवयच नाही. अख्खी बाजू सरकवत गेलो, एक टाका पडला नव्हता. उभ्या आळीला ऐक, ऐक म्हणून शिकवलं. आता कोणत्या तोंडाने सांगू, कान बिघडले म्हणून? मग तिच्यावरच ढकललं. ती बिचारी काय बोलणार. ऐकू आलं नाही तर सबबीला मफलर होता, हे यंत्र आत्ता कुठे चोरून आणलं.”

थोरलीने वर्तमानपत्रांवर पसरलेल्या सगळ्या स्क्रूंवरून नजर फिरवली. “म्हणजे मी सुट्टीभर चांगली मशीन दुरुस्त केली?”

“गंज होता,” आप्पा समजूत घालत म्हणाले. मग तिच्या कानाशी वाकले. न्हाव्याला ऐकू जाऊ नये असं त्यांना वाटत होतं, पण यंत्र नवंच असल्यामुळे आपला आवाज किती मोठा येतो याचा त्यांना अंदाज नव्हता. सगळ्या आळीला ऐकू गेलं.

“आगगाडी शिरायच्या आधी क्षणभर ऐकली मी तुझ्या हातची मशीन. सुरुवातीला घाई करतेस. बाकी अगदी माझ्यासारखी चालवतेस, पोरी. माझ्याहून सरसच.”