मुख्य जेवण कुंडलला

जुनी मैत्री एकत्र जेवल्याने टिकते, हे सत्य आता वादातीत आहे. (कृष्णात, पृथ्वीराज आणि बिरदेव यांची मैत्री वीस-बावीस वर्षे एकत्र न जेवताही टिकली होती, परंतु त्या काळातला एकही फोटो उपलब्ध नसल्याने तो पुरावा ग्राह्य धरता येत नाही.)

हे तिघे कराडला इंजिनिअरिंगला असताना होस्टेलच्या एकाच खोलीत राहायचे. कृष्णातची आई हरणाबाई दर रविवारी कुंडलहून एसटीच्या कंडक्टरकडे डबा द्यायची, आणि तो कृष्णातच्या हाती लागायच्या आत बाकीचे दोघे त्याचा निकाल लावायचे. पुढे तिघांनाही पुण्यात नोकऱ्या लागल्या, तिघे एकमेकांच्या जवळपास राहायला आले, आणि त्यामुळे साहजिकच भेटी बंद झाल्या. हरणाबाई मात्र दर दिवाळीला विचारायची, "डबा खाणारी ती पोरं कवा येनार रं?" कृष्णात म्हणायचा, "येतील की." हे उत्तर त्याने इतक्या दिवाळ्या दिले होते, की ते एकदा तरी खरे करून दाखवणे हा आता त्याच्या इभ्रतीचा प्रश्न झाला होता. त्यात आईचे वय झाले होते. तिच्या दिवाळ्या किती उरल्या, हा हिशेब तो करत नसे. पण तो होत होता.

अखेर एका रविवारचा दौरा मंजूर झाला. सकाळी पुण्याहून निघायचे, दुपारी एकला कुंडलला हरणाबाईच्या हातचे जेवायचे आणि परत यायचे. त्यास अनुसरून कुंडलला घरचे कोंबडे कापण्यात आले. (मृताच्या पश्चात कोंबड्यांचा मोठा परिवार आहे.) घरात गॅस असताना परसात चूल पेटवण्यात आली, कारण पृथ्वीराजने ग्रुपवर 'काकूंना सांग, चुलीवरचंच पाहिजे' असे कळवले होते आणि कृष्णातने ते इमानेइतबारे पोचवले होते.

आता रोड ट्रिपचे काही नियम असतात, ते ठाऊक असावेत. वाटेत जे खाल्ले जाते त्याला जेवण म्हणत नाहीत, 'टेस्ट करणे' म्हणतात. टेस्ट केल्याने पोट भरत नाही. आणि जो 'मला नको' म्हणतो, त्याला शुगर निघाली आहे असे समजून उरलेला सगळा प्रवास त्याच्या तब्येतीवर चर्चा होते.

साताऱ्याकडच्या खंडाळ्याला मिसळ टेस्ट करण्यात आली. पुढे खंबाटकीचा घाट असल्याने पोटात काहीतरी आधार हवा, असे बिरदेवचे मत पडले. घाट ओलांडल्यावर चहा आणि भजी झाली. घाट गाडी चढली होती, पण दम बिरदेवला लागला होता.

साताऱ्याजवळ ते हॉटेल आले. दारात सिमेंटचे बैल, बैलांना खऱ्या घुंगुरमाळा, फेटे बांधलेले वेटर आणि वर पाटी : 'आईच्या हातची चव'. (आतली आई तिशीतली होती आणि तिला मिशा होत्या.) चूल होती, धूर ग्राहकांकडे नीट जावा म्हणून तिला पंखाही लावला होता. बाहेर नंबर लावून माणसे उभी होती. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या आया घरी होत्या.

"आरं, आई थांबलीया घरी," कृष्णात गाडीतच बसून म्हणाला. "हितं कशाला उतरताय?"

"मेन जेवान कुंडललाच गड्या," पृथ्वीराज दार उघडत म्हणाला. "हितं नुसती टेस्ट. रिव्ह्यू लय भारी हायत."

"का रं, शुगर निघाली का काय तुला?" बिरदेवने काळजीने विचारले.

कृष्णात उतरला. नंबर येईपर्यंत आईचा फोन आला.

"कुठवर आलाय रं?"

"कराडच्या जवळ हाय, आई," कृष्णात साताऱ्यातून म्हणाला. "तू खाऊन घे बरं."

"पावन्यांच्या आदी? व्हय रं, शिकलास त्ये ह्येच का? या तुमी. समदी संगंच बसू."

मग मटण आले, भाकरी आली. कृष्णातने पहिली भाकरी मित्रांसाठी खाल्ली, दुसरी मन लागत नव्हते म्हणून, आणि तिसरी कशासाठी ते त्याला आठवत नाही. आईच्या हातची चव चांगली होती.

कराडला न थांबता पुढे जाणे म्हणजे कॉलेजचा अपमान, यावर एकमत झाले. संगमावर भेळ झाली. होस्टेलची खिडकी लांबून दाखवण्यात आली. 'काकूंचा तो डबा' या विषयावर पृथ्वीराजचा गळा भरून आला, तो मोकळा व्हावा म्हणून आइस्क्रीम घेण्यात आले. फोन आणखी एकदा वाजला. "पोचलोच," कृष्णात म्हणाला.

कुंडलला गाडी लागली तेव्हा उन्हे कलली होती. हरणाबाईने नवे पातळ नेसले होते. घराच्या पुढच्या सोप्यात पाट मांडले होते : तीन एका ओळीत, आणि एक समोर, स्वतःचा. तांबडा रस्सा तिने कितीदा तापवला होता, ते फक्त त्या रश्श्याला माहीत.

"हात धुवा रं पोरानू. डबा आता समोर बसून खावा."

पोरांनी पोटावरून हात फिरवला.

"काकू, खरंच टम्म झालंय बघा," बिरदेव कृष्णातकडे बोट दाखवत म्हणाला. "वाटेत यानंच थांबवलं. ऐकतोय का तो!"

कृष्णातने पाटावर बसून एक घास मोडला, रश्श्यात बुडवला आणि तोंडात घेऊन नुसताच धरून ठेवला. तो खाली उतरेना.

"ऱ्हाऊ दे," हरणाबाई म्हणाली. "बळंबळं नगं. च्या ठेवते."

पण रिकाम्या हाताने परतणे पृथ्वीराजच्या मनाला पटेना. त्याने आणखी एक ताट वाढायला लावले, विझलेली चूल पुन्हा पेटवून घेतली, धुरात हरणाबाईला बसवले आणि म्हणाला, "काकू, जरा हसा की." काकू हसल्या. चहा घेऊन मंडळी निघाली.

पृथ्वीराजने टाकलेल्या त्या फोटोला भरपूर बदाम मिळाले. 'पंचतारांकित जेवणाला या चवीची सर नाही,' असे खाली लिहिले होते. त्यातला एक बदाम तुम्हीही दिलात, आणि मग घरून आलेला फोन 'नंतर करतो' म्हणून कट केलात.

त्या फोटोतल्या बाईने सकाळपासून काही खाल्ले नव्हते.