लिंबाखालची रांग

वच्छलाबाईनं तिसऱ्यांदा शिट्टी फुंकली तरी डेअरीतून एकही म्हातारं माणूस बाहेर आलं नाही. शेजारी तपासणीचे साहेब हातातल्या घड्याळाकडे बघत उभे होते.

"बाई, आत आग लागलीय असं समजा."

"मला समजलंय, साहेब. आतल्यांना समजायचं राहिलंय."

दुष्काळात गावातली जनावरं चारा छावणीत गेली आणि दूध संस्थेची डेअरी रिकामी पडली. मग चेअरमन सुंदररावांनी तिथं म्हाताऱ्यांची सोय केली. लेक-सुना ऊसतोडीला गेले की मागं राहणारी ही माणसं. दोन वेळचं जेवण, अंथरूण, औषधगोळ्या, सगळं वच्छलाबाईच्या अंगावर. आता नियम असा, की अशा ठिकाणी आग लागली तर सगळ्यांनी पाच मिनिटांत बाहेर येऊन ठरल्या जागी उभं राहिलं पाहिजे. नाही जमलं तर डेअरीला टाळं, आणि म्हातारी आपापल्या बंद घरांच्या ओट्यावर.

म्हणून तिनं कालच बजावलं होतं, "शिट्टी वाजली की लिंबाखाली रांग दिसली पायजे!"

"दिसंल की," शहादेव म्हणाला होता. "आमचा जल्म रांगा लावण्यातच गेला."

वच्छलाबाई धावत आत गेली. शहादेव आणि बद्रीनाथ पत्ते कुटत होते. कडूबाई पाय पसरून शेंगा फोडत होती.

"मावशी, उठा! आग लागली!"

"कुठं?"

"लागली असं समजायचं!"

"मग समज की. वरडतीस कावून?"

"रांगेत उभं ऱ्हायचं ठरलंतं ना?"

"लागलीय की रांग. माझा पयला नंबर हाय. बघ जा."

वच्छलाबाईनं खिडकीतून पाहिलं. लिंबाखाली सरळ रेघेत कडूबाईची पितळी घागर, शहादेवची काठी, केसरबाईची एक चप्पल, तेलाचा रिकामा डबा आणि दगडाखाली दाबलेली बद्रीनाथची टोपी अशी रांग लागली होती. पुढंही गाडगी-मडकी होतीच. तिनं कपाळावर हात मारला. टँकरच्या गावात भांडं रांगेत म्हणजे माणूस रांगेत. भांडं ठेवायचं आणि आपण सावलीला बसायचं. ती स्वतःही तेच करत आली होती.

"अहो, आगीला टँकरवाणी चालत न्हाई! माणूस बाहेर पायजे!"

"लई ऊन हाय, पोरी," बद्रीनाथनं पान टाकलं. "तुमी आग लागली समजा, आमी बाहेर आलो समजा. फिट्टंफाट!"

तेवढ्यात साहेब लिंबाखाली पोचले. "हे काय सामान? वाटेत अडथळा चालणार नाही," असं म्हणत त्यांनी पहिली घागर उचलली आणि नेऊन पार शेवटी ठेवली.

खिडकीतून केसरबाई किंचाळली, "अगं कडू, तुझा नंबर गेला!"

मोरीपर्यंत जायला जिला दोन माणसं धरायला लागायची, ती कडूबाई शेंगा उधळून उठली आणि दारातून सुसाट सुटली. तिच्या मागं केसरबाई, एका चपलेवर. आज कडूची घागर, उद्या आपली काठी, हे लक्षात येऊन शहादेव निघाला. हातातले पत्ते तसेच धरून बद्रीनाथ. मग उरलेले सगळेच, कण्हत-कुथत, पण पळत.

"घागरीला हात कुणी लावला?"

"आजी, मी सरकारकडून आलोय."

"कुठूनबी ये! मधी घुसायचं न्हाई. मागून ये!"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. माणसं मोजली. पुन्हा घड्याळ पाहिलं.

"बाई, पाच मिनिटं भरायच्या आतच! सगळे बाहेर, सगळे ठरल्या जागी, आणि वर रांगेवर लक्षसुद्धा! काय तयारी करून घेतलीत हो!"

वच्छलाबाईनं ओठ दाबून नुसती मान डोलावली. तोंड उघडलं असतं तर हसू फुटलं असतं. साहेबांनी जागच्या जागी मंजुरीची सही ठोकली आणि जीपनं धुरळा उडवला, तेव्हा तिनं पदरानं डोळे पुसले. टाळं टळलं होतं.

"चला, आता आत चला. भाकरी निवायल्यात."

कुणी हललं नाही.

"एकदा घागर हललीया," कडूबाई घागरीला मिठी मारून बसली. "आता भरवसा न्हाई. आमचं हितंच वाढ."

"माझी वाकळबी आण," शहादेव म्हणाला.

अंथरुणं बाहेर आली, ताटं बाहेर आली. ज्या छपरासाठी वच्छलाबाईनं एवढा आटापिटा केला होता, त्याखाली आता एक मांजरही उरलं नव्हतं. सगळ्यांना वाढून झाल्यावर ती आपलं ताट घेऊन कडूबाईशेजारी सावलीत टेकायला गेली.

"आँ, वच्छले!" कडूबाईनं हात आडवा धरला. "मधी न्हाई. मागं जा."